नव्या मागाआधी सुताचा पैसा

सोलापुरात सायझिंगच्या दारात बीमची वाट पाहत चार कारखानदार उभे राहिले की हल्ली बोलणे फिरून एकाच विषयावर येते. रेपियर घ्यावे काय? कुणी सांगतो, अमक्याने दोन मशिनी बसविल्या आणि तीन वर्षांत घर बांधले. लगेच दुसरा सांगतो, तमक्याने तशाच दोन बसविल्या आणि घर विकले. या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मशीन तेच असते, मागणी आणि भांडवल मात्र प्रत्येकाचे वेगळे असते.

या लेखात चार, सहा किंवा आठ साधे माग असलेला छोटा कारखानदार डोळ्यांपुढे ठेवला आहे. मोठ्या कारखान्यांकडे हिशेबनीस असतात, बँकेचा माणूस त्यांच्या दारी येतो. त्यांना या पानाची फारशी गरज नाही. गणवेश शिवणारे, टॉवेलच्या कडा मारणारे, सुतारकाम व वेल्डिंग करणारे बांधव यांनाही यातला बराच भाग लागू पडेल, कारण नव्या यंत्राचा मोह आणि हप्त्याची धास्ती या दोन गोष्टी सर्वच धंद्यांत आता सारख्याच झाल्या आहेत.

आपल्या वडीलधाऱ्यांनी यंत्र कसे घेतले

यंत्राशी सामना सोलापूरला नवा नाही. १८७७ साली येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. गाव तिला ‘जुनी मिल’ म्हणून ओळखते. वाफेवर चालणाऱ्या त्या गिरणीपुढे हातमाग संपायला हवा होता. तो संपला नाही. विणकरांनी गिरणीचे सूत घेतले, पण गिरणीला जे विणणे सोयीचे नव्हते ती काठापदराची लुगडी आपल्याकडे ठेवली. हाताने फेकायचा धोटा सोडून दोरीने ओढायचा धोटा घेतला, पुढे मागावर डॉबी आणि जेकार्ड चढविले. म्हणजे यंत्राला नकारही दिला नाही आणि सारे काही विकून यंत्रामागे धावलेही नाहीत.

शेजारची गावे पाहा. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. आज ते सारे गाव मागांवर उभे आहे. मालेगाव आणि भिवंडी येथे उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती होती. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांतील अनेक कुटुंबे दक्षिणेकडे सरकली होती. त्यांनी विसाव्या शतकात यंत्रमाग घेतले ते बहुतेक एक-एक, दोन-दोन करून, आणि पुष्कळदा मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले. गिरणीने भंगार म्हणून टाकलेला माग उस्ताद लोकांनी उघडला, घासला, झिजलेला भाग लोहाराकडून ओतून घेतला आणि पुन्हा चालू केला. हप्ता नव्हता. धंदा मंद झाला तर माग बंद ठेवता येत होता, आणि बंद माग काही खायला मागत नव्हता.

पुढे झाले असे की, ज्या गिरण्यांनी ते माग टाकून दिले त्या मोठ्या गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या. सोलापूरच्याही पडल्या. छोटा मागवाला टिकला. मात्र या टिकण्याचे उगाच गोडवे गाऊ नयेत. त्यात कौशल्य होते तसे बारा-बारा तासांचे काम, कमी मजुरी आणि धुळीने भरलेली फुप्फुसेही होती. त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच की यंत्र घेताना त्यांनी बंद दिवसांचा विचार आधी केला.

साधा माग आणि रेपियर यांतला फरक

साध्या मागात धोटा कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे जातो. मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे फेरे. कांडी संपली की माग थांबवून ती बदलावी लागते, आणि त्या कांड्या भरण्यासाठी वेगळे माणूस लागते. रेपियरमध्ये धोटाच नाही. पातळ पट्टीच्या टोकाला बसविलेली पकड बाण्याचा धागा थेट कोनवरून उचलून पलीकडे नेते. वेग तिपटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. एअरजेटमध्ये हवेच्या झोताने धागा फेकला जातो. त्याचा वेग आणखी मोठा, पण कॉम्प्रेसर लागतो आणि त्याचे वीजबिलही तसेच येते. आठ मागांच्या कारखानदाराने एअरजेटचा विचार सध्या बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

विक्रेता वेग सांगतो. तो न सांगतो त्या गोष्टी तीन. पहिली, वाढलेल्या वेगाला कच्चे सूत टिकत नाही. सूत चांगले लागते, सायझिंग चांगले लागते, आणि दोन्हींना जादा दाम पडतात. दुसरी, धोट्याच्या मागावर कापडाला आपोआप पक्की काठ येते, कारण धागा वळून परत येतो. रेपियरवर प्रत्येक धागा कडेला कापला जातो. काठ वेगळी बांधावी लागते आणि कडेच्या झालरीचे सूत वाया जाते. टॉवेलवाल्याला त्या कडा शिवून घ्याव्या लागतात. तिसरी गोष्ट विजेची. साधा माग कमी-जास्त दाबाच्या विजेवर कुरकुरत का होईना चालतो. रेपियरमधील इलेक्ट्रॉनिक कार्ड दाब वरखाली झाला की जळते.

या तिन्ही गोष्टींवर उपाय आहेत. पण उपायांना पैसे लागतात, आणि ते कोटेशनमध्ये लिहिलेले नसतात.

हप्त्याचा हिशेब आणि सुताचा हिशेब

आता वही उघडू. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, मशीन सर्व धरून १२ लाखांना पडते. ३ लाख आपले, ९ लाख बँकेचे, मुदत ५ वर्षे, व्याज दरसाल ११ टक्के. महिन्याचा हप्ता येतो सुमारे १९,५७० रुपये. पाच वर्षांत बँकेला एकूण सुमारे ११ लाख ७४ हजार जातात, म्हणजे व्याजाचेच पावणेतीन लाख. महिन्यात २५ दिवस काम मिळाले तर रोज सकाळी शटर उघडताच ७८३ रुपये हप्त्याचे बाजूला काढावे लागतील. वीज, मजुरी, तेलपाणी त्यानंतर. आणि काम १८ दिवसच मिळाले तर? मग हाच आकडा रोजचा १,०८७ होतो. मशीन तेच, बँक तीच, हप्ताही तोच. फक्त सात दिवस ते उभे राहिले आणि दर दिवसाचा बोजा तीनशे रुपयांनी वाढला.

म्हणून मशीन स्वस्त की महाग हे त्याच्या किमतीवरून कळत नाही, महिन्यात ते किती दिवस चालणार यावरून कळते. साध्या मागाचे उलट आहे. त्याचा हप्ता कधीच फिटलेला असतो. तो हळू चालतो, पण उभा राहिला तर जागेचे भाडे आणि मीटरचा स्थिर आकार सोडून फारसे काही मागत नाही.

पण खरा फटका हप्त्याचा नसतो. तो सुताचा असतो, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. वेगवान मशीन म्हणजे वेगाने सूत खाणारे मशीन. समजा रेपियरला रोज ६० किलो सूत लागते आणि भाव किलोला २५० रुपये आहे. रोजचे सूत १५,००० रुपयांचे झाले. माल गेला, व्यापारी अडीच महिन्यांनी पैसे देतो. अडीच महिन्यांत कामाचे सुमारे ६२ दिवस. म्हणजे पहिला पैसा हातात येण्याआधी ९ लाख ३० हजारांचे सूत उधारीत अडकले. याचा अर्थ असा की ते मशीन १२ लाखांचे नाहीच, ते एकवीस लाखांहून अधिकचे आहे. आणि वरच्या सव्वानऊ लाखांसाठी बँकेने कर्ज दिलेले नाही.

मग कारखानदार काय करतो? सूत उधारीवर उचलतो. रोखीच्या भावात आणि उधारीच्या भावात जो फरक असतो तो सारा नफा खातो. सुताचा भाव वाढला तर बोलायलाच नको. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी लाखावर गेली होती, तेव्हा हातात रोख असलेला माणूस काही काळ तगला आणि उधारीवरचा माणूस सुतवाल्याचा बिनपगारी नोकर झाला. नवे मशीन घेण्याआधी दोन महिन्यांच्या सुताची रोख बाजूला पडलेली असावी. ती नसेल तर मशीन कितीही चांगले असो, ते आपल्यासाठी नाही.

आपल्यातील अनेक बांधव व्याजी कर्जापासून दूर राहू इच्छितात. त्यांना यंत्र घेताच येणार नाही असे मुळीच नाही. सायझिंगचेच उदाहरण घ्या: आठ मागांसाठी कोणी स्वतःचे सायझिंग उभारत नाही, एका सायझिंगवर कितीतरी कारखाने चालतात. त्याच धर्तीवर तिघांनी मिळून एक रेपियर घेऊन पाळ्या वाटून घेता येतात. मात्र भागीदारी शब्दावर चालवू नये. कुणाचे किती, दुरुस्ती कुणी करायची, एखाद्याला बाहेर पडायचे असल्यास मशीनची किंमत कशी धरायची, एखादा मरण पावला तर वारसांचे काय, हे सर्व मुद्रांक कागदावर साक्षीदारांसह लिहावे. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला नवी नाही. आपण ती सगे-सोयरे आले की विसरतो, एवढेच.

आधी जोड, मग यंत्र

साधा माग आहे तसाच पुढे चालवावा असेही नाही. रेपियर आणि जुना माग यांच्यामध्ये एक वाट आहे आणि ती बरीच स्वस्त आहे. साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला की माग थांबविणारी पट्टी, बाणा संपला की थांबविणारी पट्टी, चांगला ब्रेक, तेल न मागणारे नायलॉनचे भाग असे जोड बसविता येतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पॉवरटेक्स योजनेत अशाच सुधारणेला अनुदान होते. त्या योजनेची मुदत संपली, पण योजना संपली म्हणून जोडांचा उपयोग संपत नाही.

त्याचा हिशेबही करू. समजा आठ मागांवर दिवसाला ४०० टॉवेल निघतात आणि शंभरात पाच सेकंड होतात, कारण धागा तुटलेला मागकऱ्याला उशिरा दिसतो. म्हणजे रोज २० टॉवेल. दर सेकंड टॉवेलमागे २५ रुपये कमी मिळतात, म्हणजे रोजचे ५०० रुपये गेले. जोड बसवून सेकंड शंभरात दोनवर आले तर रोज १२ टॉवेल वाचले, ३०० रुपये वाचले, २५ दिवसांत साडेसात हजार. वेग एका फेऱ्यानेही वाढलेला नाही, नवे गिऱ्हाईक शोधावे लागलेले नाही, सूतही तेवढेच लागले. हा पैसा आधीपासून आपल्या कारखान्यात होता, तो रोज जमिनीवर पडत होता.

चादरवाल्यांसाठी दुसरा जोड आहे इलेक्ट्रॉनिक जेकार्डचा. जेकार्डची मूळ कल्पना फ्रान्समधील लियाँ शहरातील, १८०४ च्या सुमाराची. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोके पाडायची. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. सोलापुरी चादरीवरचे मोर, फुले आणि नक्षी याच भोकांतून आली. पण एक नवी नक्षी म्हणजे आलेखाच्या कागदावर चौकटी भरणे, मग कार्ड पाडणे, मग ती ओवणे. खर्च एवढा होई की नक्षी बदलायला कारखानदार धजत नसे. इलेक्ट्रॉनिक जेकार्डला कार्डच नाही. नक्षी संगणकावर काढतात आणि पेनड्राइव्हने मागाला देतात.

याचा फायदा वेगात नाही, थोड्या मालात आहे. एखादे हॉटेल म्हणते आमच्या नावाचे २०० टॉवेल द्या, एखादी पतसंस्था म्हणते सभासदांना नाव विणलेल्या ३०० चादरी द्यायच्या आहेत. जुन्या पद्धतीत एवढ्यासाठी कार्डे पाडणे परवडत नव्हते. आता परवडते, आणि अशा मालाला पानिपतच्या स्वस्त पॉलिएस्टर ब्लँकेटशी किमतीची स्पर्धा करावी लागत नाही. स्पर्धा ज्या मैदानात आपण हरतो तेथे वेग वाढवून काय होणार? सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. येथील उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदविता येते. बाहेरगावचा माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो याची तक्रार आपण सारेच करतो. नाव नोंदविलेले मात्र आपल्यात किती, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत विचारून पाहावे.

शिलाईवाल्यांसाठी एक छोटी पण रोख गोष्ट. गणवेशाचे काम करणाऱ्या अनेक ठिकाणी अजून क्लचची मोटर आहे. ती बटण दाबल्यापासून बंद करेपर्यंत पूर्ण वेगाने फिरतच राहते, मग कारागीर शिवत असो की बाही जुळवत असो. सर्व्हो मोटर पायटा दाबला तरच फिरते. शिलाईच्या कामात हात कापड जुळविण्यात जितका वेळ घालवितो तितका वेळ शिवण्यात घालवीत नाही, त्यामुळे बचत लक्षात येण्याजोगी असते; आवाज आणि उष्णता कमी होते ती वेगळी. संपूर्ण मशीन बदलण्याची गरज नाही, मोटर बदलली तरी पुरे. शिंपी, चर्मकार, सुतार, गवंडी, न्हावी, कुलूप बनविणारे अशा १८ हस्तव्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तीत प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतची मदत आहे. त्यापुढचे कर्ज घेतलेच पाहिजे असे नाही. विणकर या १८ मध्ये नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. एजंट लोक काहीही सांगतात.

हाताचे काम गेले, नजर राहिली

कार्ड पाडणाऱ्यांचे काय झाले असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या जवळच्या दुसऱ्या एका धंद्यात आधीच मिळाले आहे. उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके हाताने लिहिणारे कातिब एके काळी प्रत्येक उर्दू छापखान्याचा कणा होते. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालिक संगणकावर आले आणि लाहोरच्या ‘जंग’ने ते वापरले. १९९४ मध्ये भारतात इनपेज आले आणि काही वर्षांत कलमाचे काम जवळजवळ संपले. ज्या कातिबांनी कलम सोडून कळफलक धरला, त्यांनी पान जुळविले तर ते नुसत्या टायपिस्टच्या पानापेक्षा उजवे दिसे. अक्षर कुठे दाटते, ओळ कुठे मोकळी सोडावी, हे त्यांना माहीत होते. संगणकाने त्यांचा हात काढून घेतला होता, नजर काढून घेतली नव्हती.

जेकार्डच्या नक्षीचेही तसेच आहे. संगणकावर चित्र काढणारे पुष्कळ आहेत. पण पाच धाग्यांवर लांब तरंगता बाणा सोडला तर तो बोटात अडकून चादर उसवेल, हे कार्ड पाडण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला कळते, चित्रकाराला कळत नाही. म्हणून घरात असा जुना कारागीर असेल तर त्याला निवृत्त समजू नये. संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी आणि तो, यांना एका बाकावर बसवावे. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला आहे. हे काम घरी बसून होते, त्यात ओझे उचलायचे नाही, आणि आपल्या कितीतरी शिकलेल्या मुली टॉवेलच्या कडा शिवण्याच्या मजुरीवर दिवस काढीत आहेत.

काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

काटकसर म्हणजे प्रत्येक ठिकाणी कमी खर्च करणे अशी समजूत आहे. कारागिराची मजुरी कापणे ही काटकसर नव्हे; चांगला मागकरी आणि चांगला जॉबर दुसऱ्या कारखान्यात गेला की नवा माणूस तयार होईपर्यंत जे सेकंड निघतात त्यात कापलेली मजुरी दामदुपटीने परत जाते. वायरिंगवर पैसा वाचविणे तर सर्वांत महाग. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. त्या घटनेच्या कारणांबद्दल येथे काही म्हणायचे नाही. पण आपल्या कितीतरी कारखान्यांत खाली माग, वर बिऱ्हाड आणि बाहेर पडायला एकच दार, त्यातही सुताच्या गोण्या रचलेल्या, हे चित्र आहे. कापसाची तूस विजेच्या पेटीवर साचते. ती रोज झाडणे, जुनी वायर बदलणे, दुसरे दार मोकळे ठेवणे, यासाठी कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहायची नसते. नवे मशीन बसविताना तर आधी मंजूर भार किती आहे ते पाहून वायरिंग नव्याने करून घ्यावे.

काटकसर करायची ती घर आणि धंदा यांच्या दारात. गल्ल्यातून भाजीला, गल्ल्यातून दवाखान्याला, गल्ल्यातून लग्नाच्या आहेराला, असे चालले की महिनाअखेर नफा झाला की तोटा हे देवालाच ठाऊक. कारखानदाराने स्वतःला महिन्याचा पगार लावून घ्यावा, तो घरी द्यावा आणि घर तेवढ्यात चालवावे. लग्नकार्याबद्दल या पानावर उपदेश करण्याची इच्छा नाही. एवढेच सांगतो की सुताचा पैसा मांडवात गेला की तो परत येत नाही, आणि त्याची जागा नंतर जादा दराचे उधारीचे सूत घेते. आपला धंदा हंगामी आहे. चादरीला थंडी, टॉवेल-टोपीच्या आहेराला लग्नसराई, गणवेशाला मे-जून. हंगामातील कमाईतून दर महिन्याला काही रक्कम घसारा म्हणून वेगळ्या खात्यात टाकणारा माणूस पाच-सात वर्षांनी बँकेच्या दारात न जाता यंत्र बदलू शकतो.

अडीच महिन्यांची उधारी

वर सुताच्या हिशेबात उधारी अडीच महिन्यांची धरली आहे. ती दीड महिन्यावर आली तर अडकलेले ९ लाख ३० हजार साडेपाच-पावणेसहा लाखांवर येतात. म्हणजे वसुली सुधारणे हे मशीन घेण्याइतकेच मोठे काम आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला खरेदीदाराने लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. आयकर कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने यात जोर आला: मुदतीत पैसे न देणाऱ्या व्यापाऱ्याला ती खरेदी त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखविता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच ती दाखविता येते. यासाठी आपली उद्यम नोंदणी हवी. ती २०२० पासून ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्यावा.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काही व्यापारी असा क्रमांक दिसला की माल बिननोंदणीच्या कारखान्याकडून घेऊ लागतात. एकट्या कारखानदाराने जोर धरला तर त्याचे गिऱ्हाईक जाते. एका गल्लीतील वीस जणांनी एकदम छापले तर व्यापाऱ्याला जागा उरत नाही. हे काम संघटनेचे आहे, आणि संघटनेच्या सभेत हा विषय कोणी तरी काढला पाहिजे.

जुने रेपियर घेताना

हे सर्व पाहून, सुताचा पैसा बाजूला ठेवून, हातात निदान सहा महिन्यांची मागणी असताना जो रेपियर घ्यायचे ठरवील त्याने बेलाशक घ्यावे. बहुतेकांची नजर वापरलेल्या मशीनवर असते. आपल्या वडीलधाऱ्यांनीही वापरलेलेच माग घेतले होते. पण तो लोखंडी माग लोहाराकडून दुरुस्त होत होता, इलेक्ट्रॉनिक कार्ड लोहाराकडून दुरुस्त होत नाही. म्हणून पैसे देण्याआधी मशीन बंद अवस्थेत पाहू नये. आपले बीम, आपले सूत घेऊन जावे आणि तीन-चार तास सलग चालवून घ्यावे. धागा किती वेळा तुटतो ते कागदावर लिहावे. त्याच मॉडेलची मशिनी सोलापुरात आणखी कुणाकडे आहे ते शोधून त्याला भेटावे आणि कार्ड जळले तर दुरुस्तीचा माणूस कोठून येतो, किती दिवसांनी येतो, हे विचारावे. बाहेरगावाहून येत असेल तर येण्याजाण्याचे आणि उभ्या राहिलेल्या दिवसांचे पैसे आपल्या हिशेबात मिळवावेत. मूळ खरेदीची पावती, आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा उतरल्याचा बँकेचा दाखला आणि जीएसटीचे बिल, हे तीन कागद हातात आल्याशिवाय ट्रक भरू देऊ नये. आणि जेकार्डच्या नक्ष्या दोन पेनड्राइव्हवर ठेवाव्यात; एक कारखान्यात, एक घरी.